देवापुढचा फॉर्म

गुरुवारी दुपारी विद्यापीठातून हॉल तिकिटांचा गठ्ठा आला, तेव्हा वनमाला तावडे डबा उघडून बसली होती. जेवण होईतो थांबण्याइतका दम तिला कधीच नव्हता. उजव्या हाताने आंबोळी खात डाव्या हाताने तिने गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि टी.वाय.बी.ए.ची तिकिटं वहीतल्या नावांशी लावायला घेतली. यादी संपली तेव्हा वहीत एक नाव उरलं होतं आणि हातात तिकीट नव्हतं. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा पहिल्यापासून लावली. तेच नाव उरलं. इंगोले मीरा अंबादास. परीक्षा सोमवारी अकरा वाजता होती.

वनमालाने वही मिटली. घाटकोपरच्या त्या कॉलेजात नऊ वर्षं परीक्षेचं टेबल सांभाळताना तिला भीती नवीन नव्हती. प्राचार्यांची बेल वाजली की तिची छाती धडधडे, आणि हेडक्लार्क नंदकुमार साहेब नुसते खाकरले तरी ती उगीचच कागद सारखे करी. पण ही भीती वेगळी होती. मीराचा फॉर्म कुणी भरून घेतला, सही कुणी आणली आणि शब्द कुणी दिला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता वनमालाच्या खालच्या खणाविषयी सांगायला हवं, नाहीतर ही बाई कोण ते कळायचं नाही. परीक्षेचा फॉर्म अर्धवट असला, म्हणजे फोटो नाही, पालकाची सही नाही, तर तो परत करायचा आणि नाव नोटीस बोर्डावर लावायचं, असा नियम होता. बाकीचे क्लार्क नियमाने वागत आणि पाच वाजता घरी जात. वनमाला अर्धवट फॉर्म आपल्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवी आणि त्या पोरांच्या मागे लागे. वर्गात निरोप पाठवी, मैत्रिणींना पकडी, गरज पडली तर घर शोधत जाई. एकदा तर एका मुलाला तिने जुहूच्या भेळेच्या गाडीवरून उठवून आणलं होतं. तो तिथे प्लेटा विसळत होता आणि कॉलेज सुटलंच असं धरून चालला होता. कुणाला ती सरांकडून जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून देई, कुणाला लायब्ररीत पंख्याखालची जागा. पगार मात्र बाकीच्यांइतकाच.

हे वेड तिला उगीच लागलं नव्हतं. तिचा स्वतःचा इंटरचा फॉर्म असाच परत आला होता. वडलांची सही राहिली होती. नाव बोर्डावर लागलं तेव्हा ती शिमग्याला गावी गेली होती. परत येऊन पाहते तर तारीख उलटलेली. वडील म्हणाले, देवाच्याच मनात नव्हतं. मे महिन्यात लग्न झालं. सही न केलेल्या बापाने देवाचं नाव पुढे केलं आणि सगळ्यांनी मान डोलावली, हे ती विसरली नव्हती. तरी देवावरची तिची भक्ती काही कमी झाली नाही. माणसाचं असंच असतं.

मागच्या वर्षी नंदकुमार साहेबांना खणाचा सुगावा लागला. त्यांनी परिपत्रक काढलं: विद्यापीठाचा कोणताही फॉर्म कार्यालयाबाहेर नेल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वनमालानेही सही केली, आणि दोनच महिन्यांत तिच्या पर्समधून फॉर्म घरी जाऊ लागले. घरी नवरा जयवंत चार वर्षं बसून होता. त्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. सासू, नवरा आणि दोन पोरं वनमालाच्या पगारावर होती. ही नोकरी गेली तर काय, हा विचारसुद्धा ती करत नसे.

मीरा इंगोले हायवेपलीकडच्या वस्तीत राहायची. वडील अंबादास हिंगोलीकडचे, मुंबईत येऊन पालिकेत लागलेले. दिवाळीनंतर मीरा वर्गात दिसेना. गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, असं मैत्रिणीने सांगितलं. दुसऱ्या वर्षाला तिचा एक विषय राहिला होता, तो कसाबसा सुटला, आणि आता तिसऱ्याचं पुस्तकही तिने उघडलं नव्हतं. जानेवारीत फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आली तेव्हा वनमाला कोरा फॉर्म घेऊन थेट तिच्या घरी गेली.

"बाई, तिची इच्छाच नाही," अंबादास म्हणाला. उंच, हडकुळा माणूस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. "मी तिला कधी अडवलं नाही. शिक म्हणूनच गाव सोडलं. पण ती म्हणते, नापासच व्हायचंय तर बसायचं कशाला?"

मीरा दाराशी मान खाली घालून उभी होती. "ताई, खरंच नाही जमणार. दिवाळीपासून काही वाचलं नाही. उगाच हसं होईल."

"हसं झालं तर माझं होईल," वनमाला म्हणाली. "नोट्स मी आणते, जुने पेपर मी आणते. तू फक्त बस. दादा, तुम्ही सही करा. पुढचं सगळं माझ्यावर."

अंबादासने पेन हातात घेतलं. "तुमच्या शब्दावर करतोय बाई," तो म्हणाला, आणि एकेक अक्षर कोरून काढावं तशी सही केली.

त्या संध्याकाळी वनमाला भटवाडीतल्या आपल्या खोलीत आली ती तीन फॉर्म घेऊन. दोन इतर पोरांचे, वरचा मीराचा. तिने तिन्ही देव्हाऱ्यापुढे ठेवले. मीराच्या फॉर्मवर नारळ ठेवला आणि सासूला म्हणाली, "आई, गाऱ्हाणं घाला."

सासू सुंदराबाईंना देवाला असं मोठ्याने साकडं घालायचं म्हणजे हुरूप येई. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्या परक्या चेडवाचा शिक्षान पुरा जावंदे. जा काय आडा येता ता दूर कर, म्हाराजा!" वनमालाने मागून "होय म्हाराजा" म्हटलं. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं, धांदल झाली, देव्हाऱ्यापुढचे कागद तिने पर्समध्ये कोंबले आणि पळाली. तो शेवटचा दिवस होता. ऑफिसात शंभर पोरं खिडकीला लोंबकळत होती. मीराच्या वडलांची सही मिळाली म्हणून तिचं नाव वनमालाने आल्याआल्या वहीत पक्कं करून टाकलं. विद्यापीठाला जाणाऱ्या गठ्ठ्यासोबतची यादीही तिने वहीवरूनच उतरवली. फॉर्मांवरून उतरवली असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

गुरुवारी मात्र तिला यातलं काही आठवलं नाही. विद्यापीठाची चूक असणार, अशी आशा धरून ती नंदकुमार साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, यादीची कार्बन प्रत काढली. "नाव आहे ना यादीत? मग झालं. आपण पाठवला, त्यांनी हरवला. आपल्यावर काही नाही."

"पण साहेब, मुलीचं?"

"पत्र लिहू. चौकशी होईल. ऑक्टोबरला बसेल." त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "तावडेबाई, तुम्ही एवढ्या घाबरताय का? आपली बाजू भक्कम आहे."

ऑक्टोबर. मीरा एप्रिललाच कशीबशी तयार झाली होती. गेले अडीच महिने कारखान्यातून सुटून ती लायब्ररीत येऊन बसे, डोळे मिटत असले तरी बसे. ऑक्टोबर म्हटलं की ती पुन्हा कॉलेजची पायरी चढणार नाही, हे वनमालाला ठाऊक होतं. ती स्वतः तरी कुठे चढली होती?

चारच्या सुमाराला मीरा खिडकीशी आली. डोक्याला तेल, हातात वही, चेहऱ्यावर चक्क हसू. "ताई, माझं हॉल तिकीट आलं ना? तुम्ही दिलेले अर्थशास्त्राचे आठही प्रश्न पाठ झालेत. विचारा कुठलाही."

वनमालाने गठ्ठा पुढे ओढला. "उद्या ये गं," ती म्हणाली. "आज गठ्ठा लावायचाय." मीरा नाचत गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वनमालाने खिडकीचा गज सोडला नाही.

घरी येताना तिने डोक्यात तो जानेवारीतला दिवस पुन्हा पुन्हा फिरवला. तीन फॉर्म. देव्हारा. नारळ. सकाळी पर्समध्ये किती घातले? दोन की तीन? हाताला दोनच आठवत होते. चाळीचा जिना तिने धावतच चढला.

"आई, त्या दिवशी देवापुढे कागद ठेवले होते. नारळाखालचा कागद कुठाय?"

सुंदराबाई निवांत वाती वळत होत्या. "खंय जातलो? गाऱ्हाणा घातलेलो कागद काम पुरा होयसर हलवूक नको. माका वाटला, वरचो तो देवाचो, खालचे दोन तुझे. मियाच नारळावांगडा तांबड्या फडक्यात बांधून ठेवलंय."

देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर तांबडं गाठोडं होतं. अडीच महिने वनमाला रोज सकाळी त्याला हात जोडून कामावर गेली होती. तिने ते खाली काढून गाठ सोडली. नारळ वाळून खुळखुळत होता. खाली चौघडी घातलेला फॉर्म, मीराचा फोटो आणि अंबादासची ती कोरून काढलेली सही. वनमाला फॉर्म मांडीवर घेऊन खाली बसली. 

जयवंतने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, पण चार वर्षं घरी बसलेला माणूस होता. "साहेब स्वतः म्हणतोय विद्यापीठाने हरवला, मग तुला काय पडलंय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "तो कागद स्टोव्हवर धर. कुणाला कळणार नाही. दाखवलास तर सस्पेंड करतील, तू सही केलीयस त्या परिपत्रकावर. मग वाट लागली आपली. आपली पोरं शिकायचीयत ना गं?"

त्याचं काही खोटं नव्हतं, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. स्टोव्ह पेटलेलाच होता, भात शिजत होता. फॉर्म तिच्या मांडीवर होता. एक क्षण, आणि खरं सांगायचं तर एकाहून जास्त क्षण, तिने त्या ज्योतीकडे पाहिलं. मग तिला वडील आठवले. देवाच्याच मनात नव्हतं. उद्या मीराला ती तरी दुसरं काय सांगणार होती? तिने फॉर्म उलगडला, घड्या तळव्याने सपाट केल्या आणि पर्समध्ये घातला.

"आई, ह्या वेळी गाऱ्हाणं नको," ती सासूला म्हणाली.

शुक्रवारी दहा वाजता ती प्राचार्यांच्या दारात उभी होती. दारापर्यंत येऊन ती दोनदा परत फिरली, एकदा पाणी प्यायला आणि एकदा काहीच कारण नसताना. आत गेली तेव्हा नंदकुमार साहेबही तिथेच होते. तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. देव्हारा, नारळ, तांबडं फडकं. सांगताना स्वतःच्याच कानाला ते इतकं खुळचट वाटलं की तिचे कान तापले.

प्राचार्यांनी फॉर्मवरचा कुंकवाचा डाग बोटाने घासून पाहिला. "म्हणजे हा अडीच महिने देवळात होता?"

"देव्हाऱ्यात, सर."

कुणी हसलं नाही. नंदकुमार साहेबांचा चेहरा उतरला होता. काल त्यांनी बाजू भक्कम आहे म्हणून सांगितलं होतं. "सर, विद्यापीठ असा फॉर्म घेणार नाही," ते म्हणाले. "घेतलाच तर कॉलेजची चूक लेखी मागतील. जबाबदार कोण, नावानिशी."

"मी लिहून देते," वनमाला म्हणाली.

"तावडेबाई, लिहून दिल्यावर मला काही करता येणार नाही," नंदकुमार साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच ती जास्त घाबरली. तरी तिने कागद ओढला. नियम माहीत असूनही फॉर्म मी घरी नेला, चूक माझी, विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही. खाली पूर्ण नाव लिहून तिने सही केली.

मीरा खिडकीशी वाट पाहत होती. वनमालाने तिला हाताला धरून बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. मीराचं हसू एकदम मावळलं. ती ओरडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग मी जाऊ का कारखान्यात? दुपारची पाळी मिळेल अजून."

"पाळी गेली खड्ड्यात. चल माझ्याबरोबर."

कुर्ल्याला बस बदलून दोघी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पोचल्या तेव्हा एक वाजला होता. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. तारीख जाऊन अडीच महिने झाले, म्हणाला. वनमालाने प्राचार्यांचं पत्र पुढे केलं, त्याखाली आपला जबाब. त्याने तो वाचला, वनमालाकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "हे तुम्हीच लिहिलंय? स्वतःविरुद्ध?"

"हो. पाठवलेल्या यादीत तिचं नाव आहे बघा. फॉर्मच नव्हता सोबत."

"बसा बाकावर," तो म्हणाला आणि कागद आत घेऊन गेला.

बाकावर त्या चार तास बसल्या. आतून कुणी आलं की वनमाला उठे, तो पुढे निघून गेला की बसे. अधिकारी मीटिंगला गेले, मग चहाला गेले. आज शुक्रवार, उद्या शनिवारची सुट्टी, परवा रविवार. पाच वाजले की शटर पडणार. मीरा वही उघडून बसली होती, पण तिने एकदाही पान उलटलं नाही. साडेचारला तिने हळूच विचारलं, "ताई, तुमची नोकरी जाईल?"

"तू प्रश्न पाठ कर," वनमाला म्हणाली. तिने मीराच्या वहीचं पान स्वतःच उलटलं.

पाचला दहा मिनिटं असताना शिपाई आला. हातात लेटरहेडचा कागद, त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेला बैठक क्रमांक आणि गोल शिक्का. यादीत नाव होतं आणि कॉलेजने चूक कबूल केली होती, म्हणून साहेबांनी परवानगी दिली, असं तो म्हणाला. मीराने कागद दोन्ही हातांत धरला.  वनमाला मात्र पुन्हा बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

सोमवारी ती मुलुंडच्या परीक्षा केंद्रावर गेली. लाल शाईचा नंबर फाटकावर चालतो की नाही, याची तिला धाकधूक होती. तो चालला. मीरा आत गेली. फाटकाबाहेर अंबादास उभा होता. मुलीने त्याला सगळं सांगितलं असणार, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. वनमालाला वाटलं, आता हा बोलेल ते ऐकून घ्यायचं.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्या शब्दावर सही केली होती. देवाच्या नव्हे. आम्ही देव सोडले त्याला तीस वर्षं झाली. कागद विद्यापीठात द्यायचा असतो, एवढं मला अडाण्यालापण कळतं."

"चुकलं, दादा."

"चुकलंच." त्याने फाटकातून आत पाहिलं. "पण शेवटी शब्द पाळलात, हेही खरं." मग त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. वनमाला गटागटा प्यायली.

नोकरी गेली नाही. प्राचार्यांनी लेखी ताकीद दिली, एक वेतनवाढ रोखली आणि तिला परीक्षेच्या टेबलावरून उठवून लायब्ररीच्या दाराशी बसवलं, पिशव्या ठेवून घ्यायला. जयवंत महिनाभर धड बोलला नाही. खालच्या खणाची किल्ली नव्या क्लार्ककडे गेली. तो नियमाने अर्धवट फॉर्म परत करी आणि नावं बोर्डावर लावी. मीरा सेकंड क्लासात पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा वनमालाने पिशव्यांच्या टेबलाशीच तिला मिठी मारली. त्यानंतर कुणाच्या कागदाला हात लावायचा नाही, असं तिने मनोमन ठरवलं आणि सहा-सात महिने ते पाळलंही.

पुढच्या जानेवारीत एका दुपारी उशिरा मीरा पुन्हा आली. आता ती कारखान्यात पॅकिंगला नव्हती, ऑफिसात बसत होती. बरोबर एक बारकीशी मुलगी होती, कमल नावाची. तिच्याच वस्तीतली, पहिल्या वर्षाची, रडून डोळे सुजलेली.

"ताई, हिचं नाव बोर्डावर लागलंय," मीरा म्हणाली. "बापाची सही नाही. तो म्हणतो, मुलीला कशाला. शेवटची तारीख उद्याची आहे. तुमच्यासारखं मला बोलता येत नाही. चला ना."

वनमालाच्या हातातल्या पिशवीचं टोकन खाली पडलं. परिपत्रक आठवलं, ताकीद आठवली, पेटलेला स्टोव्ह आठवला. "मला नको गं," ती म्हणाली. "मला भीती वाटते. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर?"

मीराने कमलच्या हातातला फॉर्म काढून घेतला, नीट घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.

"तुम्ही फक्त बोला," ती म्हणाली. "कागद माझ्याकडे राहील."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. वनमालाने शिपायाला टेबलावर बसायला सांगितलं, चपला पायात सरकवल्या, आणि तिघी हायवेच्या दिशेने निघाल्या.